पेटीतली वाघनखं

रविवार, २० सप्टेंबर १९५९

पितृपक्ष चालू आहे आणि ह्यांनी गिटार आणली!

सकाळी दाढीचं ब्लेड आणतो म्हणून गेले ते तीन वाजता महूच्या बसमधून उतरले. बगलेत ही एवढी काळी पेटी. कुणी मेजरसाहेब बंगला सोडून निघाले, त्यांच्या सामानाचा सेल होता म्हणे. ब्लेड आणलं नाही.

आईसाहेबांनी दारातच अडवलं. "पितृपक्षात नवी वस्तू घरात आणतात का, उदय?"

"नवी कुठे, आईसाहेब? तीस साल पुरानी आहे. अँटिक पीस."

सासूबाई दारातून बाजूला झाल्या. मला उत्तर सुचलं होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

अँटिक पीस ह्या घरात पुरे झाले. एकाच काट्याचं घड्याळ आहे. पाऊस पडून गेल्यावर पाऊस पडेल असं सांगणारं हवामानाचं यंत्र आहे. खोगीर आहे, घोडा नाही. इंदूरच्या कृष्णपुऱ्यातल्या ह्या अडीच खोल्यांत आम्ही तिघं राहतो ते ह्या वस्तूंची परवानगी काढून.

पेटी उघडली. लाकूड मात्र छान आहे, मधासारखा रंग. अंगावर चित्र रंगवलंय — चंद्र, पाणी आणि एक वाकडं झाड. पेटीच्या कप्प्यात एक पोलादी दांडू निघाला. बोटाएवढा, गुळगुळीत आणि चांगला जड. आणि पत्र्याची तीन नखं. अंगठीसारखी बोटात घालायची, पुढे पाकळीसारखं पातं.

"हे काय?" मी विचारलं.

"पार्ट्स."

आईसाहेबांनी ती नखं तळहातावर घेतली. खिडकीपाशी उजेडात गेल्या. बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मग वळल्या आणि म्हणाल्या, "वाघनखं आहेत."

झालं. ह्यांचे पणजोबा, मालोजीराव, होळकरांच्या रिसाल्यात होते, त्यामुळे कुठलीही लोखंडी वस्तू ह्यांना नात्यातली वाटते. दांडू मग ठासणीच्या बंदुकीचा ठरला. कुणा गोऱ्यानं लुटीत नेलं असणार, आणि आज घरची चीज घरी आली! मी म्हटलं, वाघनखं इतकी लहान? तर म्हणाले, धाकट्या राजपुत्राची.

मग वाघही धाकटाच असणार.


सोमवार, २१ सप्टेंबर

पोलोग्राउंडच्या कारखान्यात हे सुपरवायझर आहेत. तिथून आज कॅलिपर घेऊन आले. जेवणाआधी गिटारीचं माप, जेवणानंतर गिटारीचं माप. निकाल असा: तारा पट्टीपासून फार उंच आहेत. दाबल्या तर पट्टीला टेकतच नाहीत, बोट मात्र कापतं. शिवाय मान चौकोनी, मुठीत बसत नाही.

"मेकिंगमध्येच फॉल्ट आहे," म्हणाले. उजव्या हाताची दोन बोटं आणि डाव्याची तीन, सगळ्यांना चिंध्या बांधून दिल्या. नाचता येईना अंगण वाकडे — पण हे मी फक्त इथेच लिहिते.

खरं सांगायचं तर गिटार धड असती तरी काही उपयोग नव्हता. ह्यांना सूर नाही. गणपतीच्या आरतीला हे उभे राहिले की आजूबाजूचे लोक हळूहळू लांब सरकतात. माणूस सोन्यासारखा आहे. कान तेवढे दुसऱ्या कुणाचे तरी लागलेत.


गुरुवार, २४ सप्टेंबर

आज झाडावरून भांडण.

गिटारीच्या आतला कागद कसरीनं खाल्लाय, नाव-गाव काही वाचता येत नाही. तेव्हा ह्यांनी झाडावरून मुलूख ओळखायचं ठरवलं. हे म्हणतात खजूर. खजूर म्हणजे अरबस्तान. म्हणजे ही अरबी गिटार! अरब लोक वाळवंटात राहतात, उन्हानं लाकूड वाकतं, म्हणून तारा मुद्दाम उंच ठेवतात.

मी म्हटलं, नारळ वाटतो. खाली समुद्र आहे.

"ते मृगजळ आहे."

"त्यात चंद्र पडलाय."

"तू नारळाचं झाड पाहिलंयस?"

नाही पाहिलं. आम्ही माळव्यातली माणसं. नारळ पाहिला तो देवापुढचा, शेंडी असलेला. खजूर मात्र मांडूच्या सहलीला रस्ताभर पाहिलेली. ह्यांचं तेवढंच भूगोलाचं भांडवल. शेवटी आईसाहेबांना पंच नेमलं. त्या वाती वळत होत्या. "खजूरच," म्हणाल्या. चित्राकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

आई-मुलाचं असं चालतं. मी भाकऱ्या थापायला गेले.


रविवार, २७ सप्टेंबर

खजुरी बाजारात हार्मोनियम दुरुस्त करणारे एक म्हातारबाबा आहेत. तिकडे नेली. मलाही नेलं, पेटीचं दुसरं टोक धरायला.

म्हातारबाबांनी गिटार उलटी केली, सुलटी केली, वास घेतला. म्हणाले, "भिया, गिटार तो है। पर बनाने वाले ने भांग खा के बनाई है।"

"अरबी आहे," ह्यांनी सांगितलं.

"तो अरबी भांग होगी।"

शेजारी लग्नाच्या बँडचे मास्तर बसले होते. त्यांचं मत पडलं की ही डावखुऱ्या माणसाची आहे. हे परतीच्या वाटेवर खूश! म्हणाले, बघ, कुणालाच ओळखता येत नाही, म्हणजे किती रेअर असेल.


शनिवार, ३ ऑक्टोबर

घट बसले. आईसाहेबांनी जाहीर केलं की यंदा खंडेनवमीला दांडू आणि वाघनखंही शस्त्रांत मांडायची. हे गहिवरले.


शनिवार, १० ऑक्टोबर

खंडेनवमी. पाय मोडले.

शस्त्रांची पेटी काढली. दोन तलवारी, कट्यार आणि भाल्याचं एक पातं. एवढंच उरलंय, बाकीचं रिसाल्याबरोबर गेलं. सगळ्यांना तेल-पाणी करून पाटावर मांडलं. तलवारींच्या मध्ये तो दांडू, हळद-कुंकू लावून, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन नव्या जावयासारखा बसलेला.

चुलत सासरे नानासाहेब जेवायला आले होते. त्यांनी विचारलं, हे काय नवीन? आईसाहेबांनी पदर सावरला आणि जो इतिहास सांगितला तो मी तरी अकरा वर्षांत कधी ऐकला नव्हता. मालोजीराव, महूची छावणी, एक रात्र, घोडा सांभाळणारा एक विश्वासू मोतद्दार... नानासाहेबांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "हां, हां, हमारे आबा पण सांगायचे." म्हणजे आता साक्षीदारही झाला.

ह्यांनी नखं बोटांत चढवून दाखवली. पातं नखावर, वाघासारखं. पंजा उगारला. तिसरं नख उडून आमटीत पडलं.

रेवडी उडवायची एवढी संधी, आणि मला हसताही येईना. सूनबाईनं शस्त्रपूजेत हसायचं नसतं. पदर तोंडात कोंबून आत गेले.


सोमवार, १२ ऑक्टोबर

शस्त्रं पुसून परत पेटीत. दांडू आणि नखंही आत, हळद-कुंकवासकट. कुलूप. किल्ली आईसाहेबांच्या कमरेला. आता पुढच्या वर्षीपर्यंत पेटी उघडायची नाही. पूजेतलं शस्त्र खेळायला काढत नाहीत, असं त्यांनी ह्यांना बजावलं. ह्यांनी लहान मुलासारखी मान हलवली.

गिटार खाटेखाली.


बुधवार, १४ ऑक्टोबर

आज एक केलं. लिहू की नको? वाचणार कोण आहे. ह्यांना माझं अक्षर लागत नाही.

दुपारी घर झाडताना गिटार खाटेखालून ओढली, धूळ पुसायला. पुसता पुसता तार वाजली. मी तशीच बसून राहिले, हातात फडकं.

देवासला माहेरी मी चार वर्षं सतार शिकले होते. बोटांना घट्टे पडलेले. लग्न ठरलं तेव्हा मामंजी — सासरे — हयात होते. त्यांनी निरोप धाडला, मुलगी येऊ दे, सतार नको. आमच्या घरात गाणं-बजावणं ऐकतात, करत नाहीत. ते गेले, आता फोटोत आहेत. पण फोटो बरोबर बैठकीत लावलाय, सगळीकडे दिसतो.

मी काही रडणारी नाही. पण आज तारेला हात लागला आणि फडकं बाजूला ठेवलं गेलं.

तारा सतारीच्या अंदाजानं सा-पावर लावून पाहिल्या. लागल्या! उघड्या तारा काय गोड वाजतात. पण दाबता येत नाहीत तर गाणं कुठून निघणार?

आईसाहेबांची जाग लागली, तशी परत खाटेखाली.


गुरुवार, १५ ऑक्टोबर

खाली जया राहते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला आहे. मूळची महूची, वडील पलटणीत होते. तिच्याकडे रेडिओ आहे आणि आमच्याकडे जमिनीला कान आहेत. आज दुपारी रेडिओवर काहीतरी लागलं — तारेचंच वाद्य, पण सूर असे घसरत, वळत, लांबत होते की जणू कुणी गातंय. मींड! अशी मींड सतारीवर तार ओढून काढताना बोट सोलवटायचं. निवेदक शेवटी म्हणाला, हवाईयन गिटार.

गिटार?

मी जमिनीवर पालथी पडून ऐकत होते. आईसाहेब पाणी प्यायला उठल्या. "काय शोधतेस?" "मोहरी सांडली." त्यांनी मोहरी नसलेल्या जमिनीकडे पाहिलं आणि गेल्या.


शुक्रवार, १६ ऑक्टोबर

तार दाबायचीच नसेल तर? वरून काही घसरवायचं असेल तर?

प्रयोग. वाटी — खरखर. पळीचा दांडा — किंचाळते. अडकित्ता — देवा रे. उलथनं — मांजर आलं बघायला. लाटणं गुळगुळीत, पण लाकडाचा आवाज मेला. जड हवं, गुळगुळीत हवं, पोलादी हवं, मुठीत बसेल असं बोटाएवढं...

उलथनं हातात धरून मी तशीच उभी राहिले.

आम्ही त्याला कुंकू लावून पेटीत ठेवलंय!


शनिवार, १७ ऑक्टोबर

ह्यांना सांगावं का? दिवसभर हाच विचार. आमटीत मीठ दोनदा पडलं.

सांगितलं तर दोन गोष्टी होणार. एक, हे वाजवणार. दोन, मी नाही वाजवणार. शिवाय कारखान्यात अरबी गिटार आणि राजपुत्राची वाघनखं सांगून झालीत. माणसाचं हसं करायचं, आणि वर आपल्याला काय, तर पुन्हा फडकं.

नाही सांगत.


मंगळवार, २० ऑक्टोबर

किल्ली खुंटीला!

आईसाहेबांच्या कमरेची किल्ली आज स्वयंपाकघराच्या खुंटीला टांगलेली दिसली. वय झालं, विसरल्या असतील. त्या पलीकडच्या खोलीत झोपल्या होत्या, घोरणं चालू. मी देवाला नमस्कार केला, मामंजींच्या फोटोला केला, तलवारींनाही केला. म्हटलं, अर्धा तासच. आणि काढलं.

दांडूवरचं कुंकू पदरानं पुसलं.

गिटार सतारीसारखी धरून काही जमेना. दांडू टेकतो तो घसरतो, तारा खडखडतात. पण मधेच एकदा, एकदाच, सा वरून ग वर सूर असा गेला... अंगावर काटा आला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? रेडिओतलं ते हेच.


शुक्रवार, २३ ऑक्टोबर

किल्ली रोज खुंटीलाच. म्हातारपण वाईट.

जया आज वर आली. रात्रपाळी होती, दुपारी घरी होती. "मंगलाताई, रेडिओ घेतला का?" मी म्हटलं, नाही. "मग वर काय वाजत होतं?" मी म्हटलं, दळण. दिवसभर लोकांचे आवाज ऐकणारी मुलगी, तिला काय फसवणार. खाटेखालून काढून दाखवली.

ती हसली. "ताई, ही अशी नाही धरायची. आडवी. मांडीवर. परातीसारखी." लहानपणी महूच्या क्लबात गोऱ्यांचा नाच असायचा, तेव्हा ही पोरं मागच्या जाळीला लटकून बघायची. तिथे एक साहेब असा बसून वाजवायचा. "आम्हाला वाटायचं हा इस्त्री करतोय."

आडवी घेतली. मांडीवर. अहाहा! जिथल्या तिथे. सगळं बिघडलेलं एकदम बरोबर झालं. तारा उंच का, मान चौकोनी का. बनवणाऱ्यानं भांग खाल्ली नव्हती, आम्हीच तिला उभी करत होतो.

"बोटांत पण काही घालायचा तो," जया म्हणाली, "पण जाळीतून तेवढं दिसत नव्हतं." ती नखंच असणार. घातली, ह्यांच्यासारखी वाघपंजा करून. सारखी निसटतात. चालायचंच.

जयाकडून शपथ घेतली. तिनं टेलिफोन खात्याची शपथ घेतली, ती जास्त कडक असते म्हणे.


बुधवार, २८ ऑक्टोबर

चकल्या बिघडल्या. भूप बसला.

पूर्ण नाही, पण गुरुजींनी शिकवलेली गत अस्ताई तरी. बोटांना आठवतं, मला आठवत नसलं तरी. एक गंमत: आईसाहेबांचं घोरणं आजकाल इतकं लयीत असतं की मी त्यावरच ठेका धरते. माझं चुकलं की तेही अडखळतं. म्हाताऱ्या माणसांचा श्वास असाच असेल.

पुसूनही दांडूवर थोडं कुंकू सुकून चिकटत होतं, ते आज बिलकूल नव्हतं. पेटीत मऊ मलमलीत गुंडाळलेला मिळाला. मीच गुंडाळला असेन. काही लक्षात राहत नाही हल्ली.


रविवार, १ नोव्हेंबर

पाडवा. ह्यांनी ओवाळणीत मला नवी साडी दिली आणि स्वतःला एक आनंदाची बातमी.

"दिवाळी होऊ दे. गिटार वर्कशॉपमध्ये नेतो. मान रंधून घेऊ, वरची पट्टी अर्धी कापू, तारा एकदम खाली. सुताराशी बात झालीये. शुक्रवारी."

मी चुकून ह्यांना पुन्हा ओवाळलं. हे म्हणाले, "इतकी खूश झालीस?"


सोमवार, २ नोव्हेंबर

भाऊबीजेला देवासला. माझी सतार विचारली. वहिनी म्हणाली, माळ्यावर आहे की. भावानं काढून दिली. भोपळा फुटलेला, आत उंदरांचं घर. दादाला वाईट वाटलं, म्हणाला, "तू कधी मागितलीच नाहीस गं." खरं आहे. नाही मागितली.

परतीच्या बसमध्ये ठरवलं. ही गिटार कापू द्यायची नाही. काय व्हायचं ते होवो, ह्यांना सांगणार.


बुधवार, ४ नोव्हेंबर

दोनदा तोंड उघडलं. एकदा हे दाढी करत होते, हलले तर कापेल म्हणून थांबले. एकदा हे गुणगुणत होते, मध्ये बोलायला जागाच नव्हती.

उद्या नक्की.


गुरुवार, ५ नोव्हेंबर

आज सगळं भाषण पाठ करून बसले होते. जेवताना सुरुवात केली, "अहो, त्या गिटारीचं —"

"हां, काढून ठेव. सुबह लवकर न्यायची आहे."

"ती बिघडलेली नाहीये. तिला —"

इथे आईसाहेबांनी ताटात हात धुतले. भात उरलेला असताना. असं त्या कधी करत नाहीत.

"उदय," त्या म्हणाल्या, "शस्त्र पूजेत ठेवायचं आणि त्याचं म्यान सुताराकडे पाठवायचं? ही कुठली रीत?"

"म्यान?"

"वाघनखं कशातून आली? दांडू कशातून आला? ज्याच्यासोबत आली ते त्यांचं म्यान. शस्त्र एकटं पूजेत बसत नाही. त्या वाजंत्राला रंधा लागला तर मी देवापुढे दिवा लावणार नाही. तुझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, ते तूच त्यांना विचार."

ह्यांनी खरंच फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही नेत, आईसाहेब."

वेडगळ समजूत! पण देव भलं करो त्या समजुतीचं. माझं भाषण तसंच राहिलं. हे मग आडवे होऊन छताला म्हणाले, "मंगला, तू काहीतरी सांगत होतीस." मी म्हटलं, गिटारीला खोळ शिवायची का. म्हणाले, शिव.

माझा हा भित्रेपणा मला आवडत नाही. पण गिटार आहे.


रविवार, १५ नोव्हेंबर

गिटारीचं वेड उतरलं. आज दुर्बीण आणली. मोठ्या बाजूनं पाहिलं की दिसतं, लहान बाजूनं नाही. हे म्हणतात, जहाजावरची आहे. गच्चीवरून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांच्या समाध्या, पाहिल्या. त्या नुसत्या डोळ्यांनी जास्त जवळ दिसतात.

आईसाहेबांनी दुर्बीण हातात घेतली, पाहिली आणि परत दिली. हिला शस्त्र म्हणाल्या नाहीत. मला थोडं नवल वाटलं.


गुरुवार, १९ नोव्हेंबर

आज अंतरा. आणि एक मींड अशी लागली की खाली जयानं छतावर झाडूनं दोनदा ठोकलं. वाहवा म्हणायची तिची ही पद्धत.

मला आनंद होतो आहे. लिहून ठेवते. भांडी घासताना, डाळ निवडताना, मध्येच कारण नसताना होतो.


मंगळवार, २४ नोव्हेंबर

दांडू पेटीत ठेवून कुलूप लावून वळले तर आईसाहेब जाग्या, खाटेवर बसलेल्या. किल्ली माझ्या मुठीत! म्हटलं, आता संपलं. "चहा टाक," म्हणाल्या. चहा टाकताना किल्ली खुंटीला अडकवली. काही कळलेलं दिसत नाही.


शुक्रवार, २७ नोव्हेंबर

दुपारी भूप सुरू केला. मध्येच घोरणं थांबलं आणि आईसाहेब दारात उभ्या. माझ्या मांडीवर गिटार, डाव्या हातात पूजेतलं शस्त्र. लपवायला जागाच नव्हती.

"महिना झाला ऐकतेय," त्या म्हणाल्या. "भर दुपारी भूप! देवासला एवढंही शिकवलं नाही? दुपारचा भीमपलास असतो."

मी दांडू तारांवरून उचलला. त्या शेजारी टेकल्या. माझ्या बोटांतली तिन्ही नखं एकेक काढली आणि स्वतःच्या बोटांत घातली. एक अंगठ्यात, दोन शेजारच्या बोटांत. आणि पातं नखावर नाही, आतून, पेराच्या बाजूला. एकदाही न चुकता. तशी मी महिनाभरात घातली नव्हती.

"आईसाहेब... वाघनखं —"

"मग काय सांगायचं होतं? उदयला कळलं असतं तर तो वाजवत बसला असता, आणि आपल्याला इंदूर सोडावं लागलं असतं." त्यांनी बोटं हलवून पाहिली. "वाड्यात पाहुण्यांपुढे एक बाई असंच वाद्य मांडीवर घेऊन वाजवायची. आम्ही बायका चिकाच्या पडद्याआड. एकदा ती आत आली आणि अशीच नखं माझ्या बोटांत घातली. तुझे मामंजी म्हणाले, पुन्हा नाही. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते."

"आणि ते झाड?"

"नारळ. आंधळ्याला दिसेल."

मग खुंटीवरच्या किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उदय यायला वेळ आहे. सरक जरा."

मी सरकले.